माघी पुनवेचा मोडता

४ जानेवारी, रविवार
नवी डायरी. खताच्या दुकानदाराने दिली, म्हणजे फुकटची. तरी तक्रार नोंदवून ठेवणं भाग आहे. हिच्यात रविवारला अर्धंच पान. सोमवार ते शनिवार प्रत्येकाला स्वतंत्र घर, आणि रविवार बिचारा शनिवारच्या खाली पोटभाडेकरू. त्या अर्ध्या पानातही कोपऱ्यात पोत्याचं चित्र. ज्याने हे ठरवलं त्याच्या आयुष्यात रविवारी आजवर काही घडलेलं नसावं. हिला दाखवलं. म्हणाली, "तुमच्या तरी कुठे घडतं?" निषेध नोंदवतो. जागा संप

५ जानेवारी, सोमवार
सकाळी ला.भाऊ दारात. लालसूभाऊ, कोसमघाटचे. नदीच्या त्या काठाहून, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातून, पहिल्या बसने गोंडपिपरीत. आत या म्हटलं तर "इथीच बरं हाय" म्हणून पायरीवर बसले. सोबत मधाची बाटली. भाऊ मध घेऊन आले की काम मोठं असतं. पहिल्या चहाला पीकपाणी, दुसऱ्या चहाला काम.
"सर, मले यंदा एक मोडता पाहिजे."
मोडत्याची बातमी गेल्या वर्षी पाठवली होती. छापून आल्या चार ओळी, त्यातली एक चुकीची. म्हणून इथे नीट लिहून ठेवतो. वैनगंगेच्या दोन काठांवर एके काळी दोन राज्यं होती. किती वर्षांपूर्वी ते विचारू नये. 'लय' असं उत्तर मिळतं आणि ते पुरतं. पारच्या, म्हणजे त्या काठाच्या, राजाची एकुलती एक मुलगी आरच्या, म्हणजे या काठाच्या, राजाच्या मुलाला दिली आणि दोन्ही राज्यं एक झाली. पारच्यांनी हे अजून मनापासून मान्य केलेलं नाही. दर माघी पुनवेला कोसमघाट आणि या काठावरचं मोहटोला, दोन्ही गावं वाळूत समोरासमोर बसतात. पारचे मोडता घालतात: अमुक झालं असतं तर हे लग्न झालंच नसतं, राज्यं वेगळी राहिली असती. आरच्यांनी सूर्य झाडाला टेकायच्या आत दाखवून द्यायचं की तरीही झालं असतं. उत्तर मिळालं की पारचे हसत हरतात आणि त्या वर्षीच्या वराती नदी ओलांडायला मोकळ्या होतात. नाही मिळालं तर होळीपर्यंत मुदत. तोवरही नाही, तर त्या वर्षी ठरलेली, एका काठाची दुसऱ्या काठाशी होणारी सगळी लग्नं मोडली. पुढे ढकलली नव्हेत, मोडली. परतलेली वरात पुन्हा त्या दारी जात नाही.
जुना मोडता चालत नाही, दर वर्षी नवा लागतो. भाऊंचे वडील रचण्यात तरबेज होते, ते गेले. मागची चार वर्षं भाऊंनी कसंबसं निभावलं. "आता डोकं रिकामं झालं, सर. तुमी संस्कृत शिकले. तुमच्यापाशी लय असन."
आणि अट: "दिसाले भारी पाहिजे, पन आतून हलका. यंदा माह्याच मनीषाचं लगन हाय, मोहटोल्याच्या किसनशी."

७ जानेवारी, बुधवार
पाठशाळेत गुरुजी सांगत, पूर्वपक्ष असा मांडा की तो खराच वाटला पाहिजे; विरोधकाला दुबळं करून जिंकलात तर ते जिंकणं कसलं. मला वाटायचं ही चैन आमच्या ओसरीवरचीच. आणि इथे धान काढून मोकळे झालेले लोक शतकानुशतकं नदीच्या वाळूत हेच करत आलेत. ना पोथी, ना भाष्य, ना कोणी अनुदान मागितलेलं. शाळेतला संस्कृतचा तास बंद झाला तेव्हा मी वार्ताहर झालो आणि मनाशी म्हटलं, विद्या गेली. विद्या तीस किलोमीटरवर वाळूत बसलेली होती. मी तिची बातमी चार ओळींत दिली.
हिला सांगितलं. "म्हणजे तुम्हाला लग्न मोडायचं काम मिळालं."
"मोडल्यासारखं दाखवायचं."
"त्याचा तुम्हाला सराव आहे."
काय म्हणायचं होतं ते विचारलं नाही. पेपर वाचत होतो.

१२ जानेवारी, सोमवार
मसुदे फोनवरून ला.भाऊंना सादर. निकाल खालीलप्रमाणे.
पूर आला असता तर? "झाला. माह्या बापाच्या टायमाले."
वाघाने नवरदेव नेला असता तर? "तीनदा झाला. आरच्यांपाशी दर वेळी धाकटा भाऊ निंघते."
पारच्या राजाला आयत्या वेळी मुलगा झाला असता, राज्याला वारस मिळाला असता तर? मी जरा फुशारलो होतो. "झाला, सर. आरचे म्हनले, मंग तो मामा झाला असता. मामाची पोरगी भाच्याच्या घरी येतेच. एक पिढी उशिरा, पन राज्य एकच."
शेवटी ठेवणीतला काढला. भाऊंच्या समाजात ज्यांचे देव सारखे ते भाऊ-भाऊ, त्यांच्यात सोयरीक होत नाही. मग दोन्ही राजघराण्यांचे देव सारखेच असते तर?
फोनवर बराच वेळ शांतता. वाटलं जिंकलो.
"हा तं सगळ्यात पहिला हाय, सर. शेंबडी पोरं बी सांगतात."
"आणि उत्तर?"
"भाऊ असते तं राज्यं दोन झालीच नसती."
फोन ठेवून पाच मिनिटं खिडकीशी उभा. हे उत्तर कोणाला, कधी सुचलं असेल?

२१ जानेवारी, बुधवार
मिळाला!
रामटेके सरांबरोबर चहा घेताना मिळाला. (सर शेजारी, निवृत्त इतिहास-शिक्षक; मोटारसायकल त्यांची, मागची सीट माझी.) ते म्हणाले, तुमच्या मोडत्यांत नदी आहे, वाघ आहे, हत्ती, भाऊ, देव, दुष्काळ, सगळे आहेत. मी म्हटलं, राजकन्या पण आहे की. आणि म्हणता म्हणता थांबलो. ती आहे, पण तिला दिली, नेली, आणली. तिच्या बाजूने कोणी मोडताच घातलेला नाही.
म्हणजे: राजकन्येला कोणी विचारलं असतं आणि तिने 'नाही' म्हटलं असतं तर?
दिसायला किती भारी! आणि आतून हलका. आरचे म्हणतील, 'हो म्हणाली असती', संपलं. भाऊंना फोन केला. ते इतके हसले की खोकला लागला. "लय हलका हाय, सर! हो म्हनन नाई तं काय म्हनन?" दोघेही खूष.
रामटेके सरांचं नुसतं "हं."

१ फेब्रुवारी, रविवार
माघी पौर्णिमा. मोहटोल्याहून आत्ताच परत. या अर्ध्या पानात मावायचं नाही. पूर्ण पान असतं तरी

२ फेब्रुवारी, सोमवार
कालचं.
दुपारी वाळूत पोचलो. नदी या दिवसांत गुडघाभर, दोन धारांत वाटलेली. मधल्या वाळूत दोन्ही गावं बसलेली, पारचे उगवतीकडे, आरचे मावळतीकडे. मनीषा कुरखेड्याहून आलेली, तिथे ती नर्सिंग शिकते. किसन पोंभुर्ण्यात बांबूच्या वस्तू बनवतो. दोघं आपापल्या काठाला, एकमेकांकडे न बघण्याचं काम मन लावून करत होते. मनीषाची आई दोन वर्षांपूर्वी गेली म्हणून हे लग्न एकदा लांबलेलं आहे.
आरच्यांच्या वतीने उत्तर देणारी जैतुबाई. पंच्याहत्तरीची असावी. एवढीशी. जन्म पारचा, कोसमघाटचा. नवरी होऊन या काठाला आली आणि तेव्हापासून माहेरच्यांचे मोडते सासरच्या बाजूने परतवते आहे. पुढ्यात टोपली, टोपलीत नदीचे गोटे. उत्तर मिळालेल्या प्रत्येक मोडत्याचा एक गोटा. नव्याआधी जुने सगळे सांगायची रीत आहे, हे गेल्या वर्षी उशिरा पोचल्यामुळे माझ्या बघण्यातून सुटलं होतं.
तिने सुरुवात केली. टोपलीत न बघता हात घालायची, गोटा उचलायची, अंगठा एकदा फिरवायची आणि मोडता सांगायची.
"दुष्काळ पडला असता तं?" — "मंग आधीच झालं असतं. धान आरचं, पानी पारचं. साक्ष?" आणि बोट मागच्या तळ्याकडे. दोन्ही काठांनी मिळून खोदलेलं तळं.
"नाव बुडाली असती तं?" — "बुडाली असती. पन ढिवराची लेक बी त्याच काठाले दिली होती, त्यानं सांजेच्या आत दुसरी केली असती. साक्ष?" ढिवरांचं, म्हणजे नावाड्यांचं, घर अजून दोन्ही काठांना आहे.
"राजकन्या आंधळी असती तं?" — "तं तिले नदी दिसली नसती. अन् नदी दिसली नाई तं आर काय अन् पार काय?"
या उत्तराला साक्ष तिने दाखवली नाही. डोळे मिटून क्षणभर बसली. सगळी वाळू डोळे मिटून बसली. मीही मिटले. पाण्याचा आवाज दोन्हीकडून सारखाच येत होता.
हे असं दोन तास. एकेक गोटा उचलला की राज्य मोडायचं, टोपलीत परत पडला की जोडलं जायचं. पुराने मोडलं, जोडलं. सापाने, रुसव्याने, ज्योतिषाने, पळून गेलेल्या हत्तीने मोडलं, जोडलं. न झालेले इतके इतिहास मी एका जागी कधी पाहिले नव्हते. त्या राज्याची भिंत शिल्लक नाही, दगडावर अक्षर नाही, आणि तरी ते माझ्यासमोर उभं होतं, कारण दर वर्षी पाडून बघतात. आजूबाजूला बायका, म्हातारे, शाळकरी पोरं ओठांत उत्तरं पुटपुटत होती. मी पाठशाळेत नऊ वर्षं पाठांतर केलं. आज त्यातलं किती येतं ते लिहीत नाही. माझ्या अंगावर काटा होता, आणि तो रामटेके सरांना दिसू नये म्हणून मी बाह्या खाली केल्या.
मग ला.भाऊ उठले. नवं पागोटं.
"राजकन्येले कोनी विचारलं असतं, 'बाई, तुले जाचं हाय का?' अन् तिनं 'नाई' म्हटलं असतं. तं?"
आरचे हसले. मागून कोणी ओरडलं, "हो म्हनली असती ना बे!"
जैतुबाईने हात वर केला. हसणं थांबलं.
"साक्ष?"
ओरडणारा मागच्या मागे खाली बसला.
ती वळली. समोरच्यांकडे नाही, स्वतःच्या पाठीमागे, मोहटोल्याच्या बायकांकडे. "पारून आलेल्या बाया, हात वर करा. तुमाले नेऊन राह्यले होते तवा तुमाले कोनी विचारलं?"
एकही हात नाही. एकीचा अर्धा वर गेला, सगळ्यांनी पाहिलं, तिने पदर सारखा केला आणि खाली घेतला. सूर्य मोहाच्या झाडाला टेकला.
जैतुबाईने वाळूतून नवा गोटा उचलला आणि टोपलीत न टाकता ला.भाऊंच्या पायांपुढे ठेवला. "मोडता उभा राह्यला. माह्यापाशी उत्तर नाई."
मग म्हणाली, साक्ष आजची बी चालन. पार होऊन आलेल्या कोण्या बाईले तिच्या नवऱ्यानं आता विचारावं; तिनं खरं सांगावं, की तवा विचारलं असतं तं हो म्हनली असती. एक साक्ष पुरे. "माह्यावाला विचारनारा तं गेला."
ला.भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे.

३ फेब्रुवारी, मंगळवार
ला.भाऊंचा फोन. "सर, आपन दोघंबी हलकं समजलो." बस, एवढंच. बोल लावला असता तर बरं झालं असतं.
हिने विचारलं काय झालं. सांगितलं, उत्तर मिळालं नाही. "मोडता काय होता?" तोही सांगितला. ती वालाच्या शेंगा सोलत होती, सोलत राहिली. "चांगला आहे. तुम्हाला सुचला?"
"हो."
"हं."
या प्रकरणातलं दुसरं 'हं'.

८ फेब्रुवारी, रविवार
रा.सरांचा अहवाल: पुनवेपासून दोन्ही गावचे नवरे भलते कामसू झालेत. धडधाकट कुंपणं पुन्हा बांधतात, सरपण दुप्पट आणतात, घरी सापडत नाहीत. विचारलं फक्त एकाने. बायको म्हणाली, "काऊन, दुसरी करून राह्यले का?" आणि जेवायला वाढलं नाही. ही साक्ष धरली गेली नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
कुरखेड्याहून गावी जाताना मनीषा मुद्दाम वाट वाकडी करून आमच्याकडे आली. लग्न अठराला होतं. मी कागदपत्रांचा माणूस, मी म्हटलं, कायदा आहे, नोंदणी करून मोकळे व्हा.
"किसन बी हेच म्हनते. मीच नाई म्हटलं."
"का गं?"
"सर, त्यानं मले विचारलं होतं. मी हो म्हटलं. पन मी अजून पार झाली नाई, माही साक्ष चालत नाई." मग जरा थांबून, "त्या दिवशी वाळूत वाटलं, माही आई असती तं तिचा हात वर गेला असता का? मी बाबाले ते विचारू बी शकत नाई. आता कोनाचं तरी उत्तर ऐकल्याबिगर मी नदीत पाय टाकनार नाई."
"आणि नाहीच आलं तर?"
"तं मोडन." डोळ्यांत पाणी, पण आवाज सरळ.
ही चहा घेऊन आली आणि मनीषापाशी बसली. मला दूध आणायला पाठवलं. दूध घरात होतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार
रा.सरांच्या मागे बसून मोहटोला. हेतू: मोडता मागे घेणे. पूर्वपक्ष मांडणाऱ्याला तो सोडून देता येतो, असा आमच्याकडे आधार आहे.
जैतुबाई अंगणात लाखोळीची डाळ निवडत होती. आधार ऐकून घेतला. "दोन गावानं ऐकला तो. आता तुमचा कुठी राह्यला?"
मग म्हणाली, "रचला तं तुमीच ना? लालसू असं रचत नाई, मी वळखते."
कबूल केलं.
"घरी लावून पाह्यला?"
"म्हणजे?"
"रचनाऱ्यानं आधी सोताच्या घरी लावून पाहावं. लालसूच्या बापानं पुराचा मोडता रचला तवा पुरात उतरून पाह्यलं. अर्धा कोस वाह्यत गेला. मंग घातला." लाखोळीतला खडा बाजूला. "तुमची बाई कुठची?"
"सांगलीची. कृष्णेकाठची."
"ते कुठी आलं?"
"लांब. तेव्हा दोन दिवस लागायचे."
"मंग तं लय नद्या पार केल्या तिनं. तिची साक्ष भारी. आमच्या कोन्याच काठाची नाई ती."
मी म्हटलं, बाई, तिला कोणी विचारलं नव्हतं.
"मंग आता विचारा. जिवंत हाय ना?"
रा.सर आंब्याच्या झाडाकडे बघत होते, मोहोरात काही खास असल्यासारखे.
उठता उठता मी धीर केला. "आणि तुम्हाला विचारलं असतं तर?"
तिचा हात सुपात थांबला. "मले? इतकी वर्सं मी राज्याची उत्तरं देऊन राह्यली. पन मले कोनी विचारलंच नाई, तं मी काय म्हनली असती हे मले कसं मालूम?"
मोठमोठ्या पंडितांसमोर बसलो आहे आयुष्यात. माहीत नाही, असं इतक्या स्वच्छपणे कोणी म्हटलेलं आठवत नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार
आज मनीषाचं लग्न होतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
सांगली, तिच्या काकांचं घर, मुलगी बघण्याचा कार्यक्रम. आठवेल तसं लिहितो. तिच्या वडिलांनी मला पगार विचारला. माझ्या मामांनी तिची उंची विचारली. तिच्या मावशीने चंद्रपूरला गाडी कुठे बदलायची ते विचारलं. मी तिला विचारलं, "शाळेत संस्कृत होतं?" ती म्हणाली, "दहावीपर्यंत." परतताना उसाच्या गुऱ्हाळावर मामांनी मला विचारलं, आवडली का. मी रस पिता पिता हो म्हटलं.
म्हणजे सगळ्यांना काही ना काही विचारलं गेलं. तिला संस्कृत.
पहिल्या वर्षी कधीतरी म्हणाली होती, तिथल्या वाचनालयात नोकरीची मुलाखत होती, नेमकी लग्नाच्या आठवड्यात. मी त्यावर विनोद केला होता. काय ते आठवत नाही, हे बरं.
सबंध दुपार मोडते घालत बसलो. मामा त्या दिवशी आजारी असते तर? माझे काका घेऊन गेले असते. पगार शंभराने कमी असता तर? संस्कृतला मान म्हणून चालवून घेतलं असतं. पत्रिका जुळली नसती तर? मी स्वतः जुळवून दाखवली असती, तेवढी विद्या होती. जैतुबाईसारखा एकेक गोटा उचलून परत टाकत गेलो. सांगली आणि गोंडपिपरी ही दोन राज्यं दर वेळी जोडलीच गेली.
एक गोटा सोडून.

२५ फेब्रुवारी, बुधवार
आज विचारायचं ठरवलं. नाश्त्याला.
"एक विचारायचं होतं."
"विचारा."
"पोह्यांत मीठ कमी आहे का?"
"खाताय तुम्ही."
मीठ बरोबर होतं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
ला.भाऊ आले. मध नाही. पायरीवर बसले, पहिला चहा, दुसरा चहा, काम काहीच नाही. उठताना म्हणाले, "मांडवाचे बांबू तोडून ठेवले होते. तसेच पडून हायेत अंगनात. मनीषा त्याच्यावर कपडे वाळू घालते."
मी काही बोलणार एवढ्यात ही दारात आली. "भाऊ, सोमवारी आम्ही दोघं येतो वाळूवर. बाईंना सांगा."
साक्षीचं मी हिला अवाक्षर सांगितलेलं नाही. पण मग आठवलं, मनीषा आली तेव्हा मी दूध आणायला गेलो होतो.
ला.भाऊंनी हात जोडले. माझ्याकडे नाही, हिच्याकडे.

१ मार्च, रविवार
होळी तोंडावर. उद्या सकाळी निघायचं, रा.सरांनी कोणाची तरी जीप ठरवली आहे. हिने पिशवी भरून ठेवली. मघाशी विचारलं, "इथे विचारणार, की तिथेच?" मी म्हटलं, तिथेच. ती बरं म्हणाली आणि दशम्यांची कणीक भिजवायला गेली. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. कधीच कळत नाही असं म्हणता येणार नाही. मी आज पहिल्यांदा कळून घ्यायला बघितलं.
अर्धं पान आज पुरेल. मनीषाची काळजी आहे. ला.भाऊंची आहे. पण झोप उडाली आहे ती दुसऱ्याच गोष्टीने. उद्या मी विचारीन आणि ही खरं सांगेल. आणि ते काय असेल, हे एकोणतीस वर्षं एका घरात राहून मला माहीत नाही.